अनंताचं वजन

माझ्या कथेतल्या दुसऱ्या नायकाचं वजन वाढत नव्हतं, आणि त्या काळजीने रात्रभर माझा डोळा लागला नाही.

आमच्याकडे प्रेमकथेतल्या दोन्ही उमेदवारांना दर महिन्याला अंगणवाडीत वजनाला न्यावं लागतं. पहिला, समरजित, झोळीत बसला की वरचा हूक करकरतो. त्याला मी बुलेट दिली होती, रुंद खांदे, गाता गळा. दुसऱ्याबद्दल, अनंताबद्दल, एवढंच लिहिलं होतं की तो स्वभावाने चांगला आहे. काटा हललासुद्धा नाही.

"ह्याला घालता काय तुम्ही?" सेविका वनिताताईंनी विचारलं. माझ्या चार वर्षांच्या लेकीवरून, ओवीवरूनही त्या असंच विचारतात. दोन्हीकडे माझंच चुकत असणार.

त्यांनी अनंताच्या खिशात हात घालून लहानपणीच वारलेला बाप बाहेर काढला. मी सकाळी घाईत सरकवला होता.

"हे चालत नाही हं. सगळ्याच हेच घालून आणतात. दारू लावा त्याला, नाहीतर थोडा खोटारडा करा. बघा कसं अंग धरतो."

"मुळीच नाही."

"मग पुढच्या वेळी नाव कमी होईल. तुमच्या मंजिरीला समरजितशीच लग्न करावं लागेल."

मंजिरी, माझी नायिका, दाराबाहेर दोघांच्या चपला सांभाळत उभी होती. माझ्या लग्नाच्या वेळी घरच्यांनी एकच स्थळ समोर ठेवून 'तुला पसंत आहे ना?' असं मला विचारलं होतं. तिला मी तसं विचारणार नव्हते.

घरी ओवीला भरवता भरवता मी अनंताला विचारलं, "मंजिरीसाठी काय सोडशील?"

"सगळं."

"म्हणूनच अंगाला लागत नाही तुझ्या."

ओवीने आपला नको असलेला घास त्याच्या तोंडात कोंबला. तो गिळून अनंता म्हणाला, "सायकलचं दुकान नाही सोडणार. आणि ती चारचौघांत मला हसते, ते मला आवडत नाही. तिला सांगणार आहे."

त्याच्या खालचा पाट कुरकुरला.

पुढच्या महिन्यात काटा समरजितच्या आकड्यावर येऊन थांबला. समरजित कसनुसा झाला. "वहिनी, मलाही वाढा की थोडं."

वनिताताईंनी पेन वर धरलं. "दोघं सारखेच झाले. आता लग्न कोणाशी टाकू?"

"मोकळं ठेवा. ती सांगेल."

"नायिका सांगते का कधी?"

"माझी सांगेल." आवाज चिरकला, पण शब्द मी मागे घेतला नाही.

मग ओवीची पाळी आली. तिला झोळीत बसवायला उचललं, तर तिने पाय ताठ केले आणि दाराकडे बोट दाखवलं.

"आधी चपलावाल्या ताईला. तिचं वजन कोणीच करत नाही."