झिपरी नदीत का पडते?

एका जंगलात, बाळांनो, नदीवर झुकलेली एक बाभूळ होती. तिच्यावर हरबाजी नावाचा सुगरण पक्षी बायको आणि मुलीसह राहत असे. बाभळीवर हरबाजीचे पुष्कळ खोपे लोंबत होते. सगळे अर्धवट. एक विणता विणता त्याला दुसरा सुचायचा. राहता खोपा तेवढा पुरा झाला, कारण त्याची बायको सखू पाठीशी उभी राहिली.

त्यांची मुलगी झिपरी. उडायची झकास. पण नदीच्या मधोमध एखादा चतुर भिरभिरताना दिसला की पंख हलवायचंच विसरायची. मग डुबुक्! खालून म्हातारं कासव यायचं आणि तिला पाठीवर घेऊन काठाला लावायचं.

एक दिवस कासव धापा टाकत म्हणालं, "हरबाजी, मला आता दम लागतो रे. पुढच्या खेपेला वेळेवर पोचेनच असं नाही."

हरबाजी तडक उडाला. त्याने जंगलातल्या शहाण्यांना साकडं घातलं.

शहाणेच ते! त्यांनी लगेच वडाखाली चर्चासत्र भरवलं. विषय, 'झिपरी नदीत का पडते?' झिपरीला मात्र बोलावलं नाही. ती गडबड करते ना!

"मध," अस्वल म्हणालं. "हल्लीच्या पोरांना मध फार देतात." त्याच्या मिशीवरून तो ओघळतच होता.

"लाड," घुबड म्हणालं. "आमच्या वेळी नव्हतं हो असलं काही."

"तिला एका जागी बसायला शिकवा!" माकड म्हणालं आणि या फांदीवरून त्या फांदीवर गेलं.

सखूने मान खाली घातली. लाडांचा विषय निघाला की सगळे आईकडेच बघतात.

तेवढ्यात पाणमांजर डॉक्टरीणबाई उठल्या. "यावर बरंच संशोधन झालंय. मध नाही आणि लाडही नाहीत. एकच एक कारण नसतं, बारीकसारीक पुष्कळ मिळून होतं. पण बरंचसं रक्तातून येतं."

"रक्तातून? कोणाच्या?"

सगळ्यांच्या माना हरबाजीकडे वळल्या.

हरबाजीची पिसं फुलली. "आमच्या घराण्यात असलं काही नाही! माझे वडील तर..." एवढ्यात त्याला शेजारी गवताचं एक छान लांब पातं दिसलं. तो ते ओढायला लागला.

"अहो," सखू हळूच म्हणाली, "वाक्य."

हरबाजीने पातं सोडलं. लहानपणी त्यालाही सगळे आळशी म्हणत, निष्काळजी म्हणत. ते त्याला अजून लागत होतं. आपल्यातच खोट आहे असं तो जन्मभर धरून चालला होता. दोष आपला नव्हता हे कळून त्याला रडू आलं आणि फार हलकंही वाटलं.

"बाई, इलाज आहे का?"

"आहे. एका झाडाची साल आहे. तिने पुष्कळ पिल्लांचं पडणं कमी होतं. सगळ्यांना सारखी लागू पडत नाही, भूकही मंदावते, म्हणून मी लक्ष ठेवीन. शिवाय तुम्ही दोघांनी तिला एका वेळी एकच गोष्ट सांगायची. आणि तिच्या उडायच्या शाळेने तिला नदीच्या मधल्या दगडावर क्षणभर टेकू द्यायचं."

"थांबा!" घुबड ओरडलं. "आधी कारण तर ठरू द्या. कारण ठरलं की इलाज करावाच लागतो. तेव्हा घाई नको."

सगळ्यांनी माना डोलावल्या. उपसमिती नेमली गेली. भाषणं सुरू झाली.

हरबाजीने बसून राहायचा प्रामाणिक प्रयत्न केला. आधी त्याचा एक पाय हलायला लागला, मग दुसरा. मोर दुसऱ्यांदा प्रास्ताविक करायला उठला, तोवर हरबाजी भुर्र! सखूला आणि डॉक्टरीणबाईंना घेऊन तो साल आणायला गेला.

पुढे थंडीतल्या एका सकाळी झिपरी नदीवरून निघाली. मधोमध चतुर आला. खाली कासवाने मान वर काढली. काठावर हरबाजी पंख उघडून तयार राहिला.

झिपरीने चतुराकडे पाहिलं. "नंतर ये रे," म्हणाली. दगडावर टेकली, आणि थेट पलीकडे गेली.

पलीकडे कशाला आलो ते मात्र ती विसरली. हरबाजीची काही तक्रार नव्हती. तिला कशाला पाठवलं, ते त्यालाही आठवत नव्हतं.

वडाखाली चर्चासत्र अजून चालूच आहे. परवाच एक ठराव मंजूर झाला. हरबाजी मधूनच उठून गेला, यावरून त्याला मुलीची काळजी नाही हे सिद्ध होते.

तात्पर्य: बाळांनो, एका जागी स्वस्थ बसायला लहानपणीच शिका. ती सवय अंगात मुरली की मोठेपणी मूल बुडत असलं तरी चर्चासत्रातून उठावं लागत नाही.