रविवारचा वारा

वेधशाळेचं ते पत्र टॉर्कलमास्तरांनी सहा आठवडे घड्याळामागे दडवलं होतं. 'आपल्या गावात गेली नऊ वर्षं दर रविवारी वारा शून्य कसा, ते कळवावे.' उत्तर काय देणार, कपाळ?

शाळेतून निवृत्त झाल्यापासून मास्तर वेधशाळेला वाऱ्याचा जोर रोज कळवत. नियमपुस्तक म्हणे, पानं हलली की तीन, मोठी झाडं डोलली की सात. स्कॉटलंडच्या त्या उजाड लुईस बेटावर झाड आणायचं कुठून? म्हणून मास्तर शेजारच्या इफीबाईंच्या धुण्याकडे बघत. मोजे हलले की तीन, चादरी फडफडल्या की सहा. पण रविवार देवाचा. त्या दिवशी बेटावर कुणीच धुणं वाळत घालत नसे. आणि पुस्तक बजावे : दिसेल तेवढंच लिहा. चर्चला जाताना टोपी समुद्रात उडाली, तेव्हाही मास्तरांनी शून्यच लिहिलं. मोजे-चादरींच्या हिशेबात टोपी बसत नव्हती.

शेवटी वैतागून एका रविवारी त्यांनी स्वतःचा मोजा आणि चादर कुंपणावरच्या दोरीला लावली. इफीबाई चर्चला निघाल्या होत्या.

"अहो मास्तर! रविवारी धुणं?"

"धुणं नाही हो, कोरडंच आहे."

"कोरडं कोण वाळत घालतं?"

मागून येणारे पाद्रीबुवा थांबले. मास्तर घाईने म्हणाले, "बुवा, हे उपकरण आहे."

"उपकरणाची टाच फाटलीय," इफीबाई म्हणाल्या.

बुवा गंभीर झाले. "मास्तर, आज चर्चमध्ये स्तोत्र तुमच्याऐवजी दुसरं कुणी सुरू करील."

वीस वर्षांचा मान! मास्तरांनी मान खाली घालून सगळं कबूल केलं.

"म्हणजे नऊ वर्षं तुम्ही आमच्या ह्यांचे लेंगे बघताय?"

"लेंग्यांना पाच," मास्तर प्रामाणिकपणे म्हणाले.

इफीबाई कुंपणावर मटकन बसल्या. "अहो, पण मी तर तुमच्या आकड्यावर धुणं घालते! संध्याकाळी रेडिओ तुम्ही कळवलेला गावचा वारा सांगतो ना? सहा म्हणाला, की दुसऱ्या दिवशी चादरी नाहीत, नुसते मोजे. तीन म्हणाला, की चादरी."

मास्तरांच्या डोळ्यांपुढे वही उभी राहिली. तीन, सहा, तीन, सहा. नऊ वर्षं. आणि या नियमितपणाचा त्यांना केवढा अभिमान होता!

बुवांना खोकल्याची मोठी उबळ आली. "स्तोत्र तुम्हीच सुरू करा," डोळे पुसत ते म्हणाले. "आधी तो मोजा काढा."

सोमवारी सकाळी मास्तरांनी उत्तर लिहिलं. पाच कागद फाडले, सहावा टिकला :

'महोदय, रविवारी आमच्याकडे वारा असतो. इतर दिवसांचं मात्र खात्रीने सांगता येत नाही.'

पत्र पेटीत टाकायला ते निघाले. वाऱ्याने दोनदा हातातून ओढलं, तिसऱ्यांदा आत पडलं.