मिशांची पंधरा मिनिटं

योगिनी इंदिरानगरच्या आपल्या फ्लॅटमध्ये केक करून विकायची. हात कसलेला होता. पण कुणी किंमत विचारली की जीभ टाळ्याला चिकटायची. "द्या तुम्हीच काय ते," एवढंच तोंडून निघे, आणि लोकही मग मनाला येईल ते देत.

समोरच्या विंगमधल्या साधनाकाकूंनी नातवाच्या, म्हणजे रुद्रच्या पाचव्या वाढदिवसासाठी जेसीबीचा केक सांगितला.

"दीड किलोचा कर. आठशे देईन हं. घरीच तर करतेस, दुकानाचं भाडं थोडंच भरायचंय तुला!"

योगिनीने मान डोलावली. त्यानंतर काकूंचे फोन सुरू झाले. जेसीबीला नंबरप्लेट हवी, तीही नाशिकचीच. चाकांना चिखल हवा. मग आत ड्रायव्हर हवा. शेवटी, "ड्रायव्हरला ह्यांच्यासारख्या मिशा काढ ना गं, रुद्र खूश होईल."

योगिनीचा नवरा प्रफुल्ल अंबडच्या एका कारखान्यात अकाउंट्स बघायचा. तो म्हणाला, "त्यांना काही बोलू नकोस. फक्त कशाला किती वेळ लागला ते लिही आणि मला पाठव. आपल्याला तरी कळू दे."

वाढदिवसाच्या दिवशी दुपारी केक पोचवून आल्यावर योगिनी सोफ्यावर बसली आणि तिने प्रामाणिकपणे सगळं लिहिलं. सामान, खोका, गॅस मिळून सातशे साठ रुपये. स्पंज, क्रीम, जेसीबीचं धूड, नऊ तास. चिखल वीस मिनिटं. ड्रायव्हर, मूळ ऑर्डरमध्ये नव्हता, तीस मिनिटं. ड्रायव्हरच्या मिशा, पंधरा मिनिटं. काकूंचे सात फोन, पंचावन्न मिनिटं. एकूण अकरा तास. काकू देणार आठशे. म्हणजे माझ्या हातात चाळीस; तासाला साडेतीन रुपये आणि वर थोडी चिल्लर.

तिने ते पाठवलं, आणि पाठवल्यावर तिला दिसलं की ते प्रफुल्लला नाही, सोसायटीच्या महिला मंडळाच्या ग्रुपवर गेलंय. तिने घाईघाईने मेसेज दाबून धरला, जो पर्याय आधी दिसला तो निवडला आणि मेसेज पुसून टाकला. स्क्रीनवरून तो गेला. तिने देवाचे आभार मानले, ग्रुप बंद केला, फोन चार्जिंगला लावला आणि साडी नेसायला गेली.

संध्याकाळी काकूंच्या घरी जेसीबी टेबलावर दिमाखात उभा होता. मुलं त्याच्याभोवती नाचत होती. दुसऱ्या मजल्यावरची निकिता, साड्यांना फॉल लावून देणारी, योगिनीजवळ सरकली.

"केक सुरेख झालाय. पण मिशा मात्र पंधरा मिनिटांच्या वाटत नाहीत हं. मला वाटलं, अर्धा तास तरी."

योगिनी हसली. मग हसता हसता थांबली.

"तुला काय माहीत?"

"अगं, सगळ्यांनाच माहीतंय. ग्रुपवर तूच तर टाकलंस."

"मी पुसलं ते!"

निकिताने आपला फोन पुढे धरला. मेसेज जागेवर होता, मिशांसकट. योगिनीने तो फक्त स्वतःपुरता पुसला होता. खाली चाळीसेक उत्तरं आली होती. निकिताने लिहिलं होतं की काकूंच्या साडीच्या फॉलचे तिला मिनिटाला आठ आणे सुटतात. शिकवण्या घेणाऱ्या अंजलीने हिशेब मांडला होता की रुद्रला ती वर्षभर फुकट शिकवतेय, शिवाय बिस्किटं तिची. जिने कधी काही विकलं नव्हतं, तिनेही गणपतीत केलेल्या एकशे एक मोदकांचे तास टाकले होते.

काकू पाहुण्यांत गुंतल्या होत्या. त्यांचा फोन फ्रिजवर पडून होता आणि दर मिनिटाला थरथरत होता. योगिनी केक न खाताच घरी आली.

"मेसेज मला का नाही आला?" प्रफुल्लने विचारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला बेल वाजली. दारात साधनाकाकू होत्या. त्या आत आल्या, खुर्चीत बसल्या, आणि त्यांनी टीपॉयवर नोटा ठेवल्या. दोन हजार ऐंशी.

"सामानाचे सातशे साठ. तासाला एकशेवीस धरले. चालेल?"

"काकू, अहो, तो मेसेज चुकून..."

"माहीतंय. रात्रभर वाचत होते." काकूंनी पर्समधून वहीचं एक पान काढलं. दोन्ही बाजूंनी भरलेलं होतं. "हे जरा नीट टाइप करून दे. आणि चुकून आमच्या सुनेला पाठव. मुलालाही."

योगिनीने पान हातात घेतलं. रुद्रला उठवणं, अंघोळ, डबा, शाळेची रिक्षा गाठणं, दुपारचं जेवण, रुसवे, ताप, पार्क. सून-मुलगा घरी येईपर्यंत रोजचे अकरा तास. अशी पाच वर्षं, तीही मनमाडला बहिणीकडे चार दिवस न जाता.

तिने फोन घेतला आणि टाइप करायला सुरुवात केली. शेवटच्या ओळीशी ती थांबली.

"काकू, तासाला किती लावू?"

काकूंनी पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"तूच लिही ना काहीतरी," त्या म्हणाल्या. "आपल्या तोंडाने सांगायला कसंतरीच वाटतं गं."