गाडी किती देते?

धनेशने ताटावर बसल्या बसल्या वही मिटली आणि घास न घेताच म्हणाला, "सोळा."

"सोळा काय? भाकऱ्या?" बायकोने, सुनंदाने, तव्यावरून मान वळवली.

"अ‍ॅव्हरेज! गाडीचं अ‍ॅव्हरेज सोळावर आलंय."

सुनंदाला वाटलं होतं तसं काही गंभीर नव्हतं, म्हणून तिने भाकरी उलटली. धनेशच्या दृष्टीने मात्र आभाळ कोसळलं होतं. त्याची हायब्रीड गाडी, म्हणजे थोडी पेट्रोलवर आणि थोडी स्वतःच्या बॅटरीवर चालणारी, लिटरला चोवीस किलोमीटर द्यायची. पळसदरीत हा आकडा ठाऊक नसलेलं माणूस सापडणं कठीण. लोकांना स्वतःच्या पोरांचे दहावीचे टक्के आठवत नसत, पण धनेशची गाडी किती देते ते झोपेतून उठवलं तरी सांगता येई.

फक्त त्याचे वडील, नागूआबा, या आकड्याला बधले नव्हते. तीन वर्षांपूर्वी गाडी दारात आली तेव्हा त्यांनी तिच्याभोवती एक फेरी मारली, कान लावून पाहिलं आणि चारचौघांत जाहीर केलं, "जिला आवाज नाय तिला जीव नाय. असल्या भुताटकीत मी बसनार नाय." आणि ते खरोखरच बसले नाहीत. कर्जतला डॉक्टरकडे जायचं तरी आबा रिक्षाने जायचे आणि धनेश मोकळी गाडी घेऊन मागून. धनेशला हे लागायचं. पण आबांचा शब्द म्हणजे शब्द.

महिन्याभरापूर्वी उंदरांनी गाडीच्या वायरी कुरतडल्या. चौकला धनेशचा शाळेपासूनचा दोस्त रोहिदास, त्याचं गॅरेज. रोहिदासने नुकताच पुण्याला जाऊन कोर्स केला होता आणि दारावर नवा कोरा बोर्ड लावला होता: 'येथे हायब्रीड गाड्यांचे काम खात्रीने केले जाईल.' खात्रीने करायला आलेली पहिलीच गाडी धनेशची. काम झालं, रोहिदास स्वतः गाडी घरी सोडायला आला. धनेश तेव्हा खालापूरला कंपनीत, पहिल्या पाळीला. म्हणून दोन्ही किल्ल्या आबांच्या हातात देऊन, चहा पिऊन, रोहिदास परत गेला. आणि तेव्हापासून हे सोळा.

"तू काहीतरी उलटंसुलटं जोडलंस," धनेश दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये जाऊन म्हणाला.

रोहिदासचा चेहरा पडला. त्याने टायरमधली हवा बघितली, चारी चाकं वर उचलून फिरवून पाहिली, ब्रेक कुठे घासत नाहीत ना ते तपासलं, बॅटरीला वारा देणाऱ्या पंख्याची जाळी काढून झटकली. सगळं ठाकठीक.

"वजन वाडलंय का गाडीत?" त्याने विचारलं.

धनेशने घरी येऊन डिकीतून दोन छत्र्या, एक सतरंजी आणि मागच्या श्रावणातला नारळ बाहेर काढला. तरी सोळाच. मग त्याने रविवारी कर्जतच्या बाजाराला निघालेल्या सुनंदाकडे जरा बारकाईने बघितलं आणि विचारू नये ते विचारलं.

"पोट तुमचं सुटलंय, अन् वजन माजं इचारता?" ती म्हणाली. पुढचे दोन दिवस धनेशने आमटी गार खाल्ली.

तिकडे कंपनीत धनेशने आपलं दुःख डब्याच्या वेळी सगळ्यांना ऐकवलं. ऐकणाऱ्यांपैकी दोघांकडे हायब्रीड गाड्या होत्या. दोघेही चौकला जाणार होते, दोघांनीही पनवेलचा रस्ता धरला. हे रोहिदासच्या कानावर गेलं. त्याने शिडी लावली आणि नव्या बोर्डावर सिमेंटचं रिकामं पोतं बांधलं.

"माज्या कामात खोट निघाली, तर ह्यो बोर्ड मी माज्या हातानं उतरवीन," तो म्हणाला. "तवर पोतं ऱ्हाऊ दे."

धनेशला वाईट वाटलं. ज्याच्या डब्यातली सुकट खाऊन आपण सातवी पास झालो, त्याच्या बोर्डावर आपल्यामुळे पोतं चढावं, हे काही बरं नव्हतं. पण सोळा म्हणजे सोळा.

रोहिदासने एक दिवस गाडी ठेवून घेतली आणि चौक ते खालापूर दोनदा चकरा मारल्या. चोवीस! आठवडाभर पळसदरीत राहिली, पुन्हा सोळा. शेवटी एका मंगळवारी पाळी सुटल्यावर धनेश वाट वाकडी करून गॅरेजवर आला, तेव्हा रोहिदास सीटवर बसून मीटरची बटणं दाबत बसला. एकदम थांबला.

"काल सकाळी मीटर शून्यावर आनलावतास. तवापासून किती येळ चालवलीस?"

"काल जाऊन येऊन तास. आज पन तेवढाच."

"ही बया म्हनते, चार तास चालू व्हती." रोहिदास सावकाश बाहेर आला. "धनेश, ही गाडी उभी असली तरी चालू असती. आवाज नाय. एसी लावला की बॅटरी उतरती, मंग इंजिन आपसूक चालू व्हतं, पेट्रोल पितं. किलोमीटर मात्र शून्य. पानी गाडीत मुरत नाय, तुज्या घरात मुरतंय."

दोघे त्याच गाडीने पळसदरीला आले. धनेशने रोजच्यासारखी गाडी फणसाखाली उघड्यावर लावली, जेवला आणि आडवा झाला. पहिल्या पाळीनंतर धनेश झोपला की ढोल वाजवला तरी उठत नसे. आज तो खोटं खोटं घोरत होता आणि रोहिदास दाराआड उभा होता. सुनंदा दोघांकडे बघून पदराआड हसत होती.

आबा बाहेर आले. काखेत उशी, खांद्यावर टॉवेल. बंडीच्या खिशातून दुसरी किल्ली काढून त्यांनी ओळखीच्या हाताने गाडीचं दार उघडलं, ब्रेकवर पाय ठेवून चालू करायचं बटण दाबलं, एसीचा झोत नीट केला, मग फिरून डावीकडच्या सीटवर आले, ती मागे पाडली आणि डोळे मिटले.

"काखेत कळसा," रोहिदास पुटपुटला.

"तुला म्हाईत व्हतं?" धनेश सुनंदाला म्हणाला.

"मला इचारलं का कुनी? वजन तेवढं इचारलंत."

धनेश तावातावाने फणसाखाली गेला, आणि दार उघडल्यावर त्याचा राग कुठल्या कुठे गेला. आबा तोंड उघडं टाकून लहान मुलासारखे झोपले होते. माझ्या गाडीत! तीन वर्षं ज्यासाठी मिनतवाऱ्या केल्या ते समोर होतं. त्याला इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी यायचं तेवढं बाकी राहिलं.

"उठवू नको," रोहिदास कुजबुजला. "मला चौकला गिऱ्हाईक थांबलंय. तसाच सोड."

धनेशने हळूच आबांना पट्टा लावला. रोहिदास मागे बसला. गाडी न बोलता निघाली. पळसदरी मागे पडली, कर्जत गेलं, खड्डे आले. आबा फक्त एकदा कुशीवर वळले.

चौकला ट्रकच्या हॉर्नने त्यांना जाग आली. समोर ढाबा, बाजूला गॅरेज.

"पळसदरीत हाटेल कवा झालं रं?"

"आबा, ह्ये चौक हाय."

आबा ताठ बसले. "मी बसलो नाय. निजलोवतो. निजनं न् बसनं येगळं."

"पन रोज दुपारी चालू कशाला करता?"

"ह्यालाच इचार!" आबांनी रोहिदासकडे बोट दाखवलं. "किल्ली देताना ह्योच म्हनला, आबा, रोज दुपारी पाच मिन्टं चालू ठेवा, उंदीर फिरकनार नाय. पयल्या दिवशी पाचच मिन्टं ठेवली. गार वाटलं. मंग म्हटलं, उंदरांचा काय भरवसा!"

रोहिदासने आधी आबांकडे बघितलं, मग बोर्डावरच्या पोत्याकडे. "म्हंजे खोट माजीच निघाली," तो हळूच म्हणाला, आणि शिडी आणायला वळला. शब्द दिला होता.

"थांब रं," आबा म्हणाले. "शब्द तुजा गेला, तसा माजा बी गेला. तू बोर्ड उतरवू नको, अन् मी गाडीतनं चौकला आलो ह्ये तुमी पळसदरीत बोलू नका. फिट्टंफाट."

शिडी आलीच होती. धनेश स्वतः चढला आणि पोतं खाली ओढलं. तिथूनच त्याने कंपनीतल्या त्या दोघांना फोन लावले आणि चूक आपल्या घरची होती, पनवेल लांब पडेल, असं सांगून टाकलं. रोहिदासने तिघांसाठी चहा सांगितला.

परतीच्या वाटेवर आबा टक्क जागे होते. भिसेगाव गेल्यावर त्यांनी मीटरकडे मान वळवली.

"काय रं, किती देते ही?"

तीन वर्षांत पहिल्यांदा. चौकला शून्यावर आणलेला मीटर धनेशने पुन्हा एकदा बघून घेतला. "पंचवीस, आबा."

"मंग सोळा-सोळा काय करत व्हतास?"

गाडी फणसाखाली उभी राहिली. ओटीवरून सुनंदा बघत होती. धनेशने गाडी बंद करायला हात पुढे केला, तोवर आबांनी सीट मागे पाडून डोळे मिटले होते.

"ऱ्हाऊ दे चालू," ते म्हणाले. "उंदीर येतील."