छत्रीवाली बाई आणि कुत्रं

चित्रकला कुणीही शिकवेल. मुलांना शिकवायला धीर लागतो. माझ्याकडे तो इतका आहे, की शाळेत जन्मभर वाटूनही उरला आणि निवृत्तीनंतर सगळा नातीच्या, म्हणजे भिंगरीच्या, वाट्याला आला. तिचं काहीही बिघडलं तरी मी एवढंच म्हणतो, "असू दे. सरावानं जमेल."

व्याह्यांकडे एकोणिसाव्या शतकातलं एक पेन्सिलचित्र होतं. बागेत फिरायला आलेली माणसं. फ्रेमची काच तडकली, तेव्हा "फ्रेमवाला कशाला? मी आहे ना!" असं मीच छातीठोकपणे सांगून ते घरी आणलं. संध्याकाळी संग्रहालयाच्या बाई ते बघायला माझ्याकडेच येणार होत्या. पसंत पडलं तर मोठ्या दालनात लागणार. व्याही सकाळपासून आपल्या घरी इस्त्रीचा कोट घालून उभे होते; बसलं तर चुरगळेल ना.

चित्र टेबलावर ठेवून मी नवी काच पुसायला गेलो. परत येतो तर भिंगरी पेन्सिलला टोक करत होती.

"आजोबा, मी यात एक भर घातली."

शिकवण माझीच. कागदावर मोकळी जागा दिसली, की तिला काम द्यायचं. दुसरा कुणी ओरडला असता. मी शांतपणे खुर्चीत बसलो आणि तिसऱ्या प्रयत्नात चष्मा लावला.

"काय काढलं, सांगू?"

"सांगू नकोस. ही शिक्षकाची नजर आहे."

नजरेनं लगेच चोर पकडला. तळ्याकाठी एक कुत्रं! पाय टेबलाचे, तोंड उशीचं. खोडरबरानं मी ते अलगद नाहीसं केलं. वर, कुत्र्याच्या पायांना सांधे असतात, हेही तिला प्रेमानं समजावलं.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "कुत्रं आधीपासूनच होतं. मी छत्रीवाली बाई काढली."

छत्रीवाली बाई! जिला बघून मी मनात म्हटलं होतं, याला म्हणतात जुन्या काळचा हात.

आता बाईला खोडायची हिंमत नव्हती. घाईघाईनं कुत्रं तेवढं परत काढलं आणि काच बसवली, तोच दारात कोट हजर. मागोमाग संग्रहालयाच्या बाई.

त्यांनी भिंग लावून चित्र पाहिलं. छत्रीवालीपाशी बराच वेळ थांबल्या, मान डोलावली. मग भिंग तळ्याकाठी आलं.

"दालनात नाही लावता येणार. हे कुत्रं मागाहून कुणा लहान मुलानं काढलंय."

व्याह्यांनी भिंगरीकडे पाहिलं. भिंगरीनं माझ्याकडे पाहिलं आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"असू दे, आजोबा. सरावानं जमेल."

व्याही कोटासकट मटकन खाली बसले.