बिनपुरणाची पोळी

जयाबाई बहिणीकडे कोगनोळीला गेली आणि बेळगावजवळच्या हिंडलग्यातल्या घरचा स्वयंपाक तिच्या नवऱ्याच्या, भावकूच्या गळ्यात पडला. भावकूची सगळी हयात उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत साचे भरण्यात गेलेली. आगीशी त्याची जुनी ओळख होती, पण तिच्यावर खायचं काही करायची वेळ कधी आली नव्हती. पहिल्या दिवशी त्याने भात केला. तो त्याने आणि मुलाने, म्हणजे आदर्शने, एकमेकांकडे न बघता खाल्ला. दुसऱ्या दिवशी आदर्शने मोबाईलवर अंडं-टोस्ट करायचा एक व्हिडिओ लावून दिला आणि भावकूला आयुष्याची वाट सापडली.

अंडं फेटायचं, कांदा-मिरची-कोथिंबीर टाकायची, तव्यावर ओतायचं, ओलं असतानाच त्यावर ब्रेडच्या दोन स्लाइस दाबायच्या, उलटायचं, कडा आत मुडपायच्या. हे तर सरळ सरळ ओतकाम होतं! माल कधी ओतायचा आणि साचा कधी उलटायचा, हे भावकूला कुणी शिकवायची गरजच नव्हती. पहिले दोन नग वाया गेले, तिसऱ्यापासून तो जो सुटला तो सुटलाच. सकाळी अंड्याची पोळी, संध्याकाळी अंड्याची पोळी. त्याचं घरातलं बोलणंही तेवढ्यापुरतं उरलं. "पोळी टाकू?" "टाका आप्पा." "पोळी कशी झालीय?" "झकास."

इथे एक गोष्ट सांगायला हवी. बेळगाव-निपाणीकडे रोजच्या चपातीला कुणी पोळी म्हणत नाही. चपाती ती चपाती. पोळी म्हणजे सणाची, पुरणाची. दुसरी एक पोळी असते ती अंड्याची, जिला हॉटेलवाले ऑम्लेट म्हणतात. पण तिच्याआधी 'अंड्याची' हा शब्द लावायचा असतो. भावकूचा तो शब्द रोजच्या वापरात झिजून गेला होता आणि आपण तो गाळतो आहोत हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं.

बुधवारी संध्याकाळी निपाणीहून भरमूचा फोन आला. हा भरमू म्हणजे पूर्णिमाचा बाप, आणि पूर्णिमा म्हणजे आदर्शला दाखवलेली मुलगी. निपाणीतल्या एका शाळेत ती शिकवायची. दिवाळीनंतर बघण्याचा कार्यक्रम झाला, मुलाला मुलगी आवडली, मुलीला मुलगा आवडला, आणि तिथेच सगळं थांबलं. थांबवलं होतं जयाबाईने. त्या दिवशी भरमूने शेत किती, घर कुणाच्या नावावर, मुलाची नोकरी पक्की का, असं सगळं भावकूला विचारलं होतं. शेजारी बसलेल्या जयाबाईला त्याने एक शब्द विचारला नव्हता. परतीच्या बसमध्ये ती एवढंच म्हणाली, "बघू." तेव्हापासून कुणी काही विचारलं की "बघू." त्या एका शब्दापायी आदर्शचे गाल आत गेले होते.

फोन आला तेव्हा भावकूच्या हातात उलथनं होतं, म्हणून त्याने फोन स्पीकरवर टाकून ओट्यावर ठेवला.

"भावकूअण्णा, उद्या बेळगावात जरा काम हाय. सकाळी तुमच्याकडं डोकावून जाऊ म्हणतो."

"या की! मालकीण घरात न्हाई, पर त्याचं काय न्हाई. मी पोळी करून घालतो."

मग भरमूने जपून विचारलं, "पोळी?"

"व्हय, पोळी. गरम गरम. माझ्या हातची."

"आक्कास्नी विचारलासा न्हवं?"

"तिला काय विचारायचं हाय त्यात? पोळीच तर हाय!"

भरमूचा आवाज भरून आला. "अण्णा, मग मी एकटा कसा येऊ? घरातली समदीच येतो."

"या, या! किती बी या," भावकू म्हणाला. माणसाला आपली कला दाखवायला गर्दी लागतेच.

आता, त्या भागात मुलीकडची माणसं सोयरिक पक्की होईपर्यंत मुलाच्या घरी चहा घेतील, चिवडा खातील, पण गोड जेवत नाहीत. मुलाच्या घरून 'पोळी खायला या' असा सांगावा आला की समजायचं, ठरलं. तेवढ्यासाठी निपाणीचं ते घर दिवाळीपासून फोनकडे डोळे लावून बसलं होतं. भावकूला हे सगळं चांगलं माहीत होतं. त्याच्या स्वतःच्या लग्नातही असंच झालं होतं. पण त्या वेळी तव्यावरची पोळी करपायला आली होती आणि त्याचं सगळं लक्ष तिच्यात होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भावकूने अंड्यांचे दोन ट्रे आणि ब्रेडचे पुडे आणून कामाला सुरुवात केली. एकेक पोळी टोस्टसकट घडी घालून ताटात मांडली, ताटं माजघरात ओळीने ठेवली, वर वर्तमानपत्रं झाकली. घरभर घमघमाट सुटला. तेवढ्यात आदर्श मोबाईल घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आला. त्याचा चेहरा एकाच वेळी हसरा आणि घाबरलेला होता.

"आप्पा, तुम्ही काल त्यास्नी काय सांगितलासा?"

"कुणास्नी?"

"पूर्णिमाचा मेसेज आलाय. 'पोळीचं ऐकून बाबा रात्रभर झोपले नाहीत.' आणि खाली हात जोडल्यात. एक न्हाई, सहा जोड्या."

"अंड्याच्या पोळीसाठनं झोपला न्हाई?" भावकूला जरा बरंच वाटलं.

"आप्पा! 'अंड्याची' म्हटलासा काय तुम्ही?"

भावकूने उलथनं खाली ठेवलं. काल काय काय बोललो ते त्याने मनात एकदा फिरवून पाहिलं. मग तो भिंतीला टेकला.

"आता फोन करून सांग त्यास्नी. चूक झाली म्हण."

"काय सांगू? पोळी रद्द? ते हत्तरगीचा टोल कवाच सोडून फुडं आल्यात. साडी-नारळ घेऊन, पूर्णिमाच्या आत्याबाईंस्नी बी घेऊन!"

"आणि तुझी आई?"

"तिला कळलं तर आपलं दोघांचं बी संपलं, आप्पा."

आदर्शने मोटारसायकल काढली आणि बाजारातून तयार पुरणपोळ्या आणायला तो सुसाट निघाला. भावकू अंड्याची ताटं लपवायला वळला. पहिलं ताट त्याने उचललं असेल नसेल, तोच दारात जीपचा हॉर्न वाजला.

जीपचं दार उघडलं आणि सगळ्यांत आधी खाली उतरली ती जयाबाई.

झालं होतं असं, की काल स्पीकरवरचं बोलणं शेजारच्या रचनाने भिंतीपलीकडून ऐकलं होतं आणि लगेच कोगनोळीला फोन लावला होता, "वैनी, तुमच्यात उद्या पोळी हाय म्हणं!" जयाबाई सकाळीच निघाली. निपाणीच्या स्टँडवर बेळगावच्या गाडीची वाट बघत उभी असताना भरमूची जीप समोर येऊन थांबली. "आक्का, तुम्ही हितं? बसा, बसा, एकाच कार्याला निघालोय की!" निपाणी ते हिंडलगा ती त्या माणसांत दाटीवाटीने बसून आली. वाटेत आत्याबाई तिला मुलीच्या चांगल्या सवयी सांगत होत्या आणि ती बाहेर बघत होती.

भावकूने बायकोच्या चेहऱ्याकडे पाहिलं. फौंड्रीत भट्टीचं दार उघडताना लोक दोन पावलं मागे सरत, तसा तो मागे सरला.

मंडळी आत आली, पाय धुतले, माजघरात पाटावर बसली. भरमूने समोरच्या ताटावरचं वर्तमानपत्र भक्तिभावाने उचललं. आतली पिवळीधमक घडी त्याने न्याहाळली.

"अण्णा, लई जाड झालीय की! पुरण लई भरलासा."

कुणी काही बोलायच्या आत त्याने एक तुकडा मोडला. आतून ब्रेड निघाला. त्याने तुकडा नाकाशी नेला आणि सावकाश परत ताटात ठेवला.

"ह्यात अंडं हाय व्हय?"

"अंड्याचीच हाय," भावकू खरं बोलला. खोटं सुचायलाही वेळ लागतो.

"आज गुरुवार हाय, अण्णा," भरमू म्हणाला. आवाजात राग नव्हता. रागापेक्षा वाईट असं काहीतरी होतं. आत्याबाईंनी पदर तोंडाला लावला. भरमूची बायको मांडीवरच्या साडीच्या पिशवीकडे बघत राहिली. कामाच्या रगाड्यात वार विसरलेली माणसं भावकूने पुष्कळ पाहिली होती, पण रिकामपणात वार विसरला की काय होतं हे त्याला आत्ता कळलं. आदर्शचं लग्न त्या ताटात ब्रेडबरोबर मोडून पडलेलं त्याला दिसलं.

"ती तुमची पोळी न्हवं, पावणं," मागून जयाबाईचा आवाज आला.

सगळ्यांनी वळून पाहिलं. ती दारात ताठ उभी होती. "ती आमच्या मालकांची न्याहारी. त्यास्नी वार-बिर काय कळत न्हाई. तुमची पोळी आत चुलीवर हाय. घटकाभर बसा, वाढतोच."

आत चुलीवर अंड्याने माखलेला तवा होता, बाकी काही नव्हतं.

दोघं स्वयंपाकघरात आल्यावर जयाबाईने आधी दार लोटलं, मग कुकरमध्ये हरभऱ्याची डाळ ओतली, मग तव्याकडे बघून डोळे मिटले. सगळं बोलणं कुजबुजत चाललं होतं, पण त्या कुजबुजीने भांडी हलली असती.

"माझ्या घरात, मला न विचारता शब्द दिलासा!"

"शब्द कुठं दिलो? मी अंडं दिलो!"

"गूळ चिरा. बारीक. आणि 'तिला काय विचारायचं' म्हटलासा म्हणं! रचना समदं सांगितली मला."

"अगं, ते पोळीबद्दल म्हटलो."

"व्हय की. पोळीबद्दल मला कशाला विचारायचं? पोराच्या लग्नाचं बी नका विचारू. मी कोण हाय ह्या घरात?"

भावकूने गूळ बारीक चिरला. ती चुकीचं बोलत नव्हती. गूळ तिच्यापुढे सारून तो म्हणाला, "मग आता हे पुरण कशाला घालतीस? घालवून दे त्यास्नी. न्हाई म्हण."

"दारात आलेल्या माणसाला गुरुवारी अंडं दाखवून उपाशी धाडू?" जयाबाई म्हणाली. "सोयरिक हू दे न्हाईतर मोडू दे, जयाबाईच्या घरनं पावणा उपाशी गेला असं कोण म्हणायचं न्हाई. वेलची कुठं ठेवलासा?"

तिने माळ्यावरचा वेगळा तवा काढायला लावला. पुरण वाटलं, कणीक तिंबली, कटाची आमटी फोडणीला टाकली. मधेच आदर्श परत आला. पुरणपोळी आधी सांगितल्याशिवाय मिळत नाही असं सगळीकडे ऐकून तो कुंद्याचा, बेळगावच्या त्या खव्याच्या मिठाईचा डबा घेऊन आला होता. चुलीपुढे आईला बघून तो डबा पाठीमागे धरून उभाच राहिला. "तोंड उघडं टाकून काय बघतोस?" ती म्हणाली, "पानं मांड, जा."

पंगत बसली. पानावर भात, आमटी, भजी, आणि मधोमध गरम पुरणपोळी. जयाबाई तुपाची वाटी घेऊन वाढायला आली. आता पहिला घास भरमूने घ्यायचा आणि सगळ्यांनी सुरुवात करायची. पण भरमू हात पानाजवळ नेऊन थांबला. त्याने पोळीकडे पाहिलं. ही पण पिवळी होती, ही पण घडी घातलेली होती, आणि घरात सकाळचा वास अजून होता. त्याने खालच्या मानेनेच विचारलं, "आक्का, ही खाऊ का?"

आत्याबाईंनी भात कालवायचा हात थांबवला. आदर्श तांब्यातलं पाणी ओतायचं विसरला.

जयाबाईच्या हातातली वाटी जागच्या जागी थांबली. पोळी खाऊ का, म्हणजे सोयरिक जुळवू का, हा प्रश्न दिवाळीपासून त्या माणसांनी तिला विचारला नव्हता. तो आज विचारला गेला, भरल्या पंगतीत, तिच्या घरात, तिच्या हातच्या पोळीवर, आणि विचारणारा मान खाली घालून बसला होता. तिचे डोळे एकदम भरून आले. तिने पदराच्या टोकाने ते टिपले.

"खावा, इवाई," ती म्हणाली. "पोटभर खावा. माझी काय ना न्हाई."

'इवाई' म्हणजे व्याही. तो शब्द तिच्या तोंडून बाहेर पडला आणि आत्याबाई मोठ्याने "बरं झालं गं बाई!" म्हणाल्या. भरमूच्या बायकोने साडीची पिशवी उघडली. आदर्श स्वयंपाकघरात पळाला आणि तिथे त्याने काय केलं ते कुणाला दिसलं नाही, पण कुंद्याचा डबा पडल्याचा आवाज आला.

भरमू मात्र अजून तसाच बसला होता. तो शेजारच्या भावकूकडे झुकला आणि त्याच्या कानाला लागला, "अण्णा, आक्का भरात सांगितल्या खऱ्या. पर नक्की ह्यात अंडं न्हाई न्हवं?"

भावकूने त्याच्याकडे पाहिलं. मग तूप वाढत पुढे गेलेल्या बायकोकडे पाहिलं. एवढी खूश ती त्याला कित्येक वर्षांत दिसली नव्हती.

"न्हाई," तो हळूच म्हणाला. "जेवा गप."

"काय म्हणत्यात इवाई?" जयाबाईने पंगतीच्या त्या टोकावरून विचारलं.

"काय न्हाई," भावकू म्हणाला. "तुला इचारल्याबिगर आपण कुठलं बी काम करत न्हाई, असं म्हणत्यात."