सिक्स्टनचं फाटक

स्वीडनमधल्या वेस्तेरोस शहरातल्या त्या कचेरीत प्रोग्रामर पाच आणि फोल्डर उघडायच्या तऱ्हाही पाच. त्यातली एकच सगळ्यांसाठी ठरवायची, म्हणून सिक्स्टनने तीन आठवडे घालवले. डेस्कटॉपवर एक बटण दाबलं की फोल्डर उघडून देणारी चार चिमुकली साधनं त्याने घड्याळ लावून तपासली. पाचवं त्याने स्वतः लिहिलेलं होतं, त्याचं नाव फाटक. परीक्षक आपणच आणि परीक्षेला बसलेलं पोरही आपलंच, यात त्याला काही वावगं वाटलं नाही.

प्रोग्रामरांच्या प्रमुखाची जागा दोनदा त्याच्या नाकासमोरून गेली होती. आता ती तिसऱ्यांदा रिकामी होती. एकोणीस वर्षं राबलेल्या माणसाला निदान या खेपेला कुणी 'वा' म्हणावं, एवढंच त्याला हवं होतं.

शुक्रवारी कॉफीच्या वेळी सगळे दालचिनीचे बन घेऊन मोठ्या पडद्यासमोर बसले.

"बाकीच्या साधनांना फोल्डरचं नाव सांगावं लागतं," सिक्स्टन म्हणाला. "तुम्ही रोज कुठे जाता ते फाटक लक्षात ठेवतं. माणसाच्या मनातलं त्याच्याआधी ओळखतं."

"दाखव की मग," शेजारच्या टेबलावरचा मेल्कर म्हणाला.

सिक्स्टनने ऐटीत बटण दाबलं. फाटकाने इमानाने त्याचा सगळ्यात जास्त वेळा उघडलेला फोल्डर पडद्यावर मांडला. 'नोकरीचे अर्ज'. आत ओळीने तेवीस कंपन्यांची नावं.

तिथले लोक गरम कॉफीने तोंड भाजून घेतील, पण दुसऱ्याची खाजगी गोष्ट विचारणार नाहीत. मेल्कर बनावरचे साखरेचे दाणे एकेक करून टिपत बसला.

सोमवारी व्यवस्थापक आन्नेलीने सिक्स्टनला बाजूला घेतलं.

"आम्ही समजू शकतो," ती म्हणाली. "कुठे चाललास ते विचारत नाही. कधीपासून, तेवढं सांग."

तेवीसच्या तेवीस ठिकाणांहून नकार आला होता. एवढं सांगितलं असतं तर नोकरी वाचली असती. पण आपण कुणालाच नको आहोत, हे सांगायला जीभ उचलेना.

"नोटिशीचे तीन महिने भरले की," सिक्स्टन म्हणाला. मेला अभिमान! पोटाकडे बघायचं सोडून नाक जपत बसला.

तीन महिन्यांत त्याने आणखी अकरा अर्ज केले. अकरा नकार आले. शेवटच्या दिवशी तो बदामाच्या हिरव्या मार्झिपानने मढवलेला केक घेऊन आला, कारण जाणाऱ्यानेच केक आणायचा अशी तिथली रीत.

"फाटक एकमताने निवडलंय आम्ही," आन्नेली म्हणाली. "आता जातोच आहेस तर सांगते. त्या शुक्रवारी कॉफी संपली की प्रमुख म्हणून तुझंच नाव जाहीर करणार होते. तेवढ्यात तो फोल्डर उघडला."

"मग मला विचारायचं ना," सिक्स्टन कसाबसा म्हणाला.

"असं कसं विचारायचं? तुझी खाजगी गोष्ट."

सगळे बशा घेऊन उभे होते. सिक्स्टनने सुरी उचलली.

"पहिला तुकडा कुणाला?"

"मेल्करला दे," आन्नेली म्हणाली. "आता प्रमुख तोच आहे."